गुलबकावलीचं पान

निवडुंग म्हटलं की डोळ्यांपुढे काटे येतात. माळरानावरचा फड्या निवडुंग, नाहीतर नर्सरीत ओळीने मांडलेले काटेरी गोळे. पण आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी निवडुंग आहे आणि त्यांना ते माहीत नाही. जुन्या तेलाच्या डब्यात किंवा फुटक्या बादलीत जिन्याखाली ठेवलेलं, लांब चपट्या पानांचं, पावसाळ्यात एका रात्रीपुरतं पांढरं फूल देणारं जे झाड आपण ब्रह्मकमळ म्हणून ओळखतो, ते निवडुंगाच्याच कुळातलं आहे. खरं ब्रह्मकमळ वेगळं. ते हिमालयात उंचावर फुलतं आणि उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे. आपल्या कुंडीतलं झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिकडच्या जंगलात ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, सावलीत वाढतं.

आमच्या घरात त्याला कुणी ब्रह्मकमळ म्हणत नसे. अम्मी त्याला गुलबकावली म्हणते. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे नाव ऐकलं की पंडित दयाशंकर नसीम यांची ‘गुलज़ार-ए-नसीम’ ही मसनवी आठवते. बादशहाची दृष्टी गेलेली असते, बकावलीच्या बागेतल्या फुलाने ती परत येईल असं हकीम सांगतात, आणि धाकटा शहजादा ताजुल मुलूक ते फूल मिळवतो. वाटेत त्याचे चार मोठे भाऊ त्याच्याकडून ते हिसकावून घेतात. दरवर्षी वर्गात ही गोष्ट सांगताना मुली इथे हमखास चिडतात. ते फूल आणि आमच्या अंगणातलं फूल एक नव्हे, एवढं मला कळतं. पण अम्मीला कोण सांगणार?

आम्ही सोलापूरचे. आमचं घर जुन्या पेठेत, माळवदाचं, मधे अंगण. शेजारी पद्मशाली कुटुंब. घरात माग, आणि बाई दिवसभर उंबऱ्याशी सूप घेऊन बिड्या वळत बसायच्या. त्यांना आम्ही सगळेच अक्का म्हणायचो, अम्मीसुद्धा. 1987 साली, मी तिसरीत असताना, अक्कांनी अम्मीला या झाडाचं एक पान दिलं. अम्मीने ते पत्र्याच्या डब्यात खोवलं. पुढे एका दुष्काळात अक्कांचं झाड वाळून गेलं, तेव्हा अम्मीने आपल्या डब्यातलं एक पान त्यांना परत दिलं. अक्का हसून तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. अम्मीला तेलुगू येत नव्हतं, पण त्यानंतर कितीतरी दिवस ती ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायची.

इथे थोडं शास्त्र सांगते. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला ते समजावून दिलं. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाहीच, ते चपटं झालेलं खोड आहे. निवडुंगांनी पाणी वाचवण्यासाठी पानं जवळजवळ सोडूनच दिली. बहुतेकांत पानांचे काटे झाले आणि अन्न तयार करायचं काम हिरव्या खोडाने उचललं. गुलबकावलीच्या या चपट्या खोडाच्या कडेला जागोजागी खाचा असतात. नवी फांदी त्या खाचेतूनच फुटते, कळीही तिथूनच येते. म्हणून एक तुकडा मातीत लावला की तो पुन्हा पुरं झाड होऊ शकतो. शिवाय बियांपासून आलेलं रोप आईबापांपेक्षा थोडं वेगळं असतं, तुकड्यापासून आलेलं तसं नसतं. ते मूळ झाडाचं मूल नव्हे, तेच झाड असतं. अक्कांच्या ओट्यावरचं आणि आमच्या अंगणातलं झाड एकच होतं, दोन डब्यांत उभं होतं एवढंच.

अब्बा गेल्यानंतर चार वर्षांनी घर विकायचं ठरलं. त्याची सगळी कहाणी सांगत बसत नाही, अशा कहाण्या घरोघरी आहेत. भाईजानना विकायचं होतं, धाकट्याला नव्हतं. हिश्शाच्या कागदांवर सह्या झाल्या, आणि सह्या झाल्या त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. त्या वर्षीची ईदसुद्धा तशीच गेली. अम्मीने दोघांकडेही राहायला नकार दिला आणि माझ्याकडे आली. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. छत्तीस-सदतीस वर्षं मातीने भरलेला, तळ गंजलेला तो डबा उचलायला दोन हमाल आणले, पण हात लावताच पत्रा खालून सुटायला लागला. खोडं छताच्या वाशांपर्यंत गेलेली, एकमेकांत गुंतलेली. ते झाड हलवणं शक्य नव्हतं.

त्या आठवड्यात अम्मी जेवायची, नमाज पढायची, पण बोलत नव्हती. आमच्या एका खालांनी वर ऐकवलं की काटेरी झाड घरात ठेवलं की घरात भांडणं होतात, आम्ही तेव्हाच सांगितलं होतं. हे मी बऱ्याच घरांत ऐकलेलं आहे, सगळ्या जातीधर्मांच्या. एक तर या झाडाला काटा नसतो. दुसरं म्हणजे आमच्या घरातलं भांडण चौरस फुटांचं होतं, त्यात झाडाचा काय दोष?

घराचा ताबा मार्चमध्ये द्यायचा होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी अम्मीला रिक्षात घालून जुन्या घरी नेलं आणि तिच्या हातात सुरी दिली. सुरी आधी उकळत्या पाण्यातून काढून पुसून घेतली होती, कारण घाणेरड्या पात्याने कापलं तर कापलेल्या जागी कूज धरते. अम्मीने बराच वेळ झाड निरखलं. अगदी कोवळी, पोपटी खोडं तिने सोडून दिली, ती लवकर सुकतात. तळाशी लाकडासारखी झालेलीही सोडली. मधल्या वयाची, जाड, गर्द हिरवी निवडली. काहींच्या मधल्या शिरेतून हवेतच बारीक तपकिरी मुळं लोंबत होती. ती तिने आधी घेतली, कारण अशा तुकड्यांना मातीत लवकर जीव धरतो. वीतभर लांबीचे नऊ तुकडे झाले. प्रत्येकाचं खालचं टोक तिने तिरकं कापलं आणि वरचं सरळ, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. उलटं लावलं तर तुकडा रुसतो, असं ती म्हणते. एवढ्या आठवड्यात मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो याच वाक्याला.

मग ते नऊ तुकडे सुपात वर्तमानपत्र पसरून आठ दिवस पलंगाखाली ठेवले. नवख्यांची चूक होते ती इथेच. तुकडा कापला की त्यांना घाई होते, ओला तसाच मातीत खोचतात. निवडुंगाचं अंग पाण्याने भरलेलं असतं. त्याच्या ओल्या जखमेला ओली माती लागली की चार दिवसांत तो आतून पाणी होतो. जखम सुकून तिच्यावर कोरडी, खरखरीत खपली धरली पाहिजे. या पातळ खोडांना पाच-सात दिवस पुरतात, फड्या निवडुंगासारख्या जाड गराच्या जातींना दोन आठवडेही लागतात. तेवढ्यात तुकडा मरत नाही. थोडा मऊ पडतो, सुरकुततो, पण पाणी त्याच्या पोटातच असतं.

मातीचं सांगायचं तर आमच्याकडची काळी माती या कामाला नको. कापसाला आणि ज्वारीला ती सोनं आहे, पण पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. आम्ही बागेतली साधी लाल माती, बांधकामाची जाड वाळू दोन पाण्यांनी धुऊन, आणि जुनं, वास गेलेलं शेणखत असं सारख्या मापाने घेतलं. त्यात विटेचे खडे आणि चुलीतले कोळसे बारीक करून टाकले. कुंडीच्या तळाला भोक आहे ना हे बघितलं. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा आत, बाकी वर, आणि डुलू नये म्हणून शेजारी एक काडी. लावल्यावर चार-पाच दिवस पाणी अजिबात नाही. नंतर माती ओलसर होईल एवढंच शिंपडायचं, आणि माती पुन्हा कोरडी झाल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही. जागा उजेडाची हवी, पण उन्हाची नको. हे झाड जंगलातल्या सावलीचं आहे. सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन लागलं तर ते पिवळं पडून भाजतं. माझ्या बाल्कनीला मी जुनी सुती साडी बांधली.

नऊ कुंड्या झाल्या. अम्मीने त्यातल्या तिघांना चिंध्या बांधल्या. हिरवी भाईजानची, पांढरी धाकट्याची, निळी माझी. एक अक्कांच्या मुलीसाठी. अक्का आता नाहीत, त्यांची मुलगी लग्न होऊन भिवंडीला गेली. बाकीच्या पाच, तुकडे मेलेच तर असू द्यावेत म्हणून.

मुळं धरली की नाहीत हे पाहायला रोज उपटून बघायचं नसतं. आमच्या शाळेत मुलींनी मेथी पेरली होती तेव्हा त्यांनी तेच केलं, आणि मेथी बिचारी उगवली नाही. तीन ते सहा आठवड्यांनी तुकड्याला दोन बोटांनी अगदी हलका हिसका द्यायचा. तो मातीला धरून राहिला तर मुळं आली. नंतर कडेच्या एखाद्या खाचेत लालसर टोक दिसतं, तेव्हा खात्री होते. माझी निळी चिंधी आधी जगली, मग पांढरी. मार्चच्या शेवटी सात कुंड्या धरल्या होत्या.

हिरवी चिंधी धरेना. तुकडा तळाशी तपकिरी झाला, बोट लावलं की मऊ. पाणी तर मी ठरवूनच घालत होते. मग एका पहाटे उठले तेव्हा अम्मी बाल्कनीत दिसली. फजरची वजू झाल्यावर लोट्यात उरलेलं पाणी ती रोज एका कुंडीत ओतत होती. हिरव्या चिंधीच्या. इतर कुंड्यांना तिने हातही लावला नव्हता.

मी म्हटलं, “अम्मी, शिल्लक पाच आहेत. त्यातली एक चांगली घेऊन तिला हिरवी चिंधी बांधते. झाड तर तेच आहे.” शास्त्राच्या हिशेबाने मी बरोबरच बोलत होते. अम्मी म्हणाली, “नक्को. उसका है सो उसकाच रखो.”

तेव्हा तो तुकडा बाहेर काढला. कुजलेला तुकडा वाचवता येतो, पण कापताना जीव घट्ट करावा लागतो. तपकिरी भाग जिथे संपतो तिथे न थांबता आणखी वर जायचं, आतला गर स्वच्छ हिरवा आणि मधली शीर पांढरट दिसेपर्यंत. थोडी जरी तपकिरी रेघ राहिली तरी कूज पुन्हा वर चढते. अम्मीने कापलं, पुसलं, पुन्हा कापलं. वीतभर तुकड्याचा चार बोटं उरला. कापलेल्या जागेला चुलीची राख लावून तो पुन्हा सुपात ठेवला, या वेळी दहा दिवस. जुनी माती फेकून दिली, कुंडी धुऊन उन्हात तापवली. फजरच्या लोट्यासाठी मी बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आणून ठेवली. 

मधल्या काळात धाकटा अम्मीला खूश करायला नर्सरीतून लाल गोळ्याचा निवडुंग घेऊन आला. हिरव्या तिधारी दांड्यावर लालभडक गोळा बसवलेला असतो, तुम्हीही पाहिला असेल. मुली मला विचारतात, मिस, त्याचा लाल गोळा काढून लावला तर येईल का? येणार नाही. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, म्हणून तो स्वतःचं अन्न करू शकत नाही. खालचा हिरवा दांडा वेगळ्या निवडुंगाचा, बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा असतो, आणि गोळ्याचं कलम त्यावर केलेलं असतं. दांडा जगतो तोवर गोळा जगतो. आमच्या सोलापूर-सांगलीकडे शेतकरी हल्ली ड्रॅगन फ्रूट लावतात, तेही असंच खोडाचे तुकडे लावून. गोळ्याची हकिकत अम्मीला सांगितली तर ती म्हणाली, “बिचारा.” आणि त्याला खिडकीत ठेवून दिलं.

आणखी एक गोष्ट, लहान मुलं असलेल्या घरांसाठी. फड्या निवडुंगाचे तुकडे लावायचे असतील तर मोठ्या काट्यांना भिऊ नका, ते दिसतात तरी. भीती त्याच्या केसांसारख्या बारीक कुसांची. ती झुबक्यांनी असतात आणि बोटात शिरली की दिसत नाहीत. वर्तमानपत्राची जाड घडी करून तिच्या पट्ट्याने तुकडा धरावा, आणि कुसं शिरलीच तर चिकटपट्टी लावून ओढून काढावीत. आणि ज्याचा तुकडा मोडला की पांढरा चीक येतो तो त्रिधारी निवडुंग किंवा शेर, आपण त्यांना निवडुंगात धरत असलो तरी ते या कुळातले नाहीत. तो चीक डोळ्यात गेला तर फार वाईट. अशी झाडं हाताळली की साबणाने हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नयेत.

जूनमध्ये चार बोटांच्या त्या तुकड्याला लाल टोक आलं. अम्मीने मला झोपेतून उठवून दाखवलं. मी त्याचा फोटो काढून भाईजानना पाठवला, खाली काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. दीड महिन्याने, ऑगस्टमध्ये, भाभींचा फोन आला. कुंडी न्यायला येऊ का, विचारत होत्या.

भाभी एकट्या वर आल्या. भाईजान खाली रिक्षात बसून होते. अम्मीने भाभींना शीरखुर्मा नाही पण शेवया खाऊ घातल्या, आणि खाताना सगळं सांगितलं. जागा बदलली की झाड बावरतं, आठ दिवस पाणी नको. पश्चिमेच्या खिडकीत नको. कुंडी सारखी फिरवू नका. आणि लक्षात ठेवा, फुलाला दोन-तीन वर्षं लागतात. शेवटचं वाक्य ती ज्या सहजपणे बोलली ते ऐकून भाभींनी माझ्याकडे पाहिलं. अम्मी शहात्तर वर्षांची आहे.

भाभी जिना उतरत होत्या तेव्हा अम्मी बाल्कनीत साडी बाजूला सारून उभी होती. रिक्षातून भाईजाननी बाहेर वाकून कुंडी घेतली, मांडीवर ठेवली. वर पाहिलं की नाही ते मला आतून दिसलं नाही, आणि मी अम्मीला विचारलंही नाही.

भिवंडीची कुंडी ओळखीच्या एका माणसाबरोबर गेली. अक्कांच्या मुलीचा फोन आला तेव्हा अम्मीने तिला ते तेलुगू वाक्य म्हणून दाखवलं आणि अर्थ विचारला. मुलगी खूप हसली. अक्का म्हणाल्या होत्या, उसनं दिलेलं व्याजासकट परत आलं.

जुन्या घराच्या जागी आता खड्डा आहे. त्या बाजूने जायची वेळ आली तर मी रिक्षावाल्याला पुढच्या गल्लीतून घ्यायला सांगते.

पांढऱ्या चिंधीची कुंडी धाकट्याने गच्चीवर नेली होती. तिथल्या उन्हात ती पिवळी पडली म्हणून परत आणून माझ्याकडे ठेवली आहे, पुन्हा हिरवी होते आहे. दोघा भावांचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही. भाईजान मात्र आता दर जुम्याला नमाजनंतर अम्मीला फोन करतात. तब्येत, औषधं, आणि मग कुंडी. बाकी कशाचा विषय निघत नाही. कधी पांढरे ठिपके आले म्हणून विचारतात, आणि अम्मी कापसाला साबणाचं पाणी लावून पुसायला सांगते. ती फोनचा आवाज मोठा करून बोलते, त्यामुळे मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं.

परवाच्या जुम्याला भाईजान म्हणत होते, तळातून एक दांडा आला आहे, गोल, पानासारखा चपटा नाही, सरळ वर चाललाय, हातभर झाला, हे काहीतरी दुसरंच उगवलं वाटतं, कापून टाकू का? अम्मी खुर्चीतून उठूनच उभी राहिली. म्हणाली, कापू नको, हात लावू नको. तोच खरा दांडा आहे, चपटी पानं पुढे त्यालाच फुटतात. शेजारी एक बांबूची काठी रोव आणि जुन्या ओढणीच्या पट्टीने त्याला सैल बांध. सुतळी नको, ती कापते.

भाईजाननी विचारलं, काठी किती उंच घेऊ? अम्मी म्हणाली, तुझ्या खांद्याएवढी.